त्या आठशे नगांचं काय सांगू?

ताई,

मी ३१ वर्षांची आहे. कराडला डिप्लोमा केला, मग नोकरी करत डिग्री पूर्ण केली. सात वर्षं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आम्ही ऑइल पंपाच्या अ‍ॅल्युमिनियम बॉडी मशीन करून देतो. तळेगावच्या एका मोठ्या कंपनीत सीनियर इंजिनिअरच्या जागेसाठी माझ्या मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या आहेत. पुढच्या शुक्रवारी शेवटची. समोर प्लँट हेड आणि एचआर हेड, व्हिडिओवर जर्मनीहून कोणी साहेब.

मी दोनशे प्रश्न वहीत उतरवून उत्तरं पाठ करतेय. पण भीती एकाच गोष्टीची आहे. दोन वर्षांपूर्वी ३१ मार्चच्या संध्याकाळी मी ८०० नगांच्या पीडीआय रिपोर्टवर, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीच्या अहवालावर, सही केली. बुश (दाबून बसवायची छोटी नळी) ज्या भोकात बसते त्या बोअरचा गो प्लग गेज, म्हणजे भोक फार लहान नाही ना हे आत घालून बघायचा दांडा, कॅलिब्रेशनला (अचूकतेच्या तपासणीला) १९ दिवस ओव्हरड्यू होता, जोडीचा गेज बाहेर लॅबला गेलेला. गाडी गेटवर, प्रॉडक्शन मॅनेजर माझ्या टेबलापाशी. नंतर गेज झिजलेला निघाला. ग्राहकाकडे बुश प्रेस करताना बॉड्या तडकल्या, त्यांची लाइन ५० मिनिटं थांबली, आम्ही तीन दिवस तिथे बसून सॉर्टिंग केलं. ८डी, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय यांचा आठ पायऱ्यांचा अहवाल, मीच लिहिला: कारण गेजची झीज, उपाय नवा गेज आणि ऑपरेटर ट्रेनिंग. आमच्या साहेबांनी सांभाळून घेतलं. तेव्हापासून मी दर सोमवारी गेजची यादी काढते आणि तारीख उलटलेला गेज लाइनवरून उचलून लाल पेटीत टाकते, पण ती काही सांगण्यासारखी गोष्ट नाही.

मित्र म्हणतात, असलं इंटरव्ह्यूत तोंडातून काढायचं नसतं. कमजोरी विचारली तर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ म्हणायचं. पण हा कारखान्यांचा पट्टा लहान आहे, त्यांना आधीच ठाऊक असेल तर? शिवाय इंग्रजीची धास्ती आहेच. सध्या सीटीसी, म्हणजे कंपनी माझ्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, ८ लाख ६० हजार आहे, किती मागावं कळत नाही. लग्नाला वर्ष झालंय, म्हणजे ‘तो’ प्रश्नही येणार. आणि आत्ताच्या साहेबांना सांगून जाऊ की न सांगता?

— चाकणची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

दोनशे प्रश्नांची ती वही आता मिटून ठेव. तिचं काम झालं. सीपीके किती हवा, पीपॅपचे १८ घटक कोणते, एफएमईएमधला आरपीएन जाऊन अ‍ॅक्शन प्रायॉरिटी कशी आली, हे क्वालिटीतलं सगळं तांत्रिक आधीच्या फेऱ्यांत क्वालिटी हेडनं विचारून झालंय आणि त्याचं समाधान झालं म्हणूनच शुक्रवारचं बोलावणं आलंय. प्लँट हेडसमोर जातात ते दोघं-तिघं. त्या प्रत्येकाला काम येतं, हे धरूनच प्लँट हेड खुर्चीत बसतो. त्याला बघायचं असतं ते वेगळंच. महिनाअखेर आहे, रात्रीचे आठ वाजलेत, गाडी गेटवर आहे, अशा वेळी ही मुलगी सही करेल ती कशाच्या जोरावर? आणि तिच्या सहीवर विसंबून आपल्याला घरी जाता येईल का?

म्हणजे ज्या संध्याकाळला तू घाबरतेयस, तिच्याचबद्दल ते तुला विचारणार आहेत. शब्द निराळे असतील. ‘शेवटची मोठी कस्टमर कंप्लेंट कोणती?’, ‘एखादा निर्णय चुकला असं वाटतं का?’, ‘प्रॉडक्शननं दबाव आणला तर काय करता?’ यांपैकी एक तरी येणारच. तेव्हा दोनशे उत्तरं पाठ करण्यापेक्षा ही एक गोष्ट नीट, पूर्ण, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत तयार कर.

मी १९९१ साली पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात स्टँडर्ड रूममध्ये ट्रेनी म्हणून लागले. गेज मोजणं हेच माझं पहिलं काम. निवृत्तीआधीची अकरा वर्षं मी शेवटच्या फेरीच्या टेबलापलीकडे बसले. त्यामुळे तुझं पत्र वाचताना तो झिजून गुळगुळीत झालेला प्लग गेज मला डोळ्यांसमोर दिसला. आणि त्याहून जास्त दिसली ती माझी २००४ सालची मुलाखत. तीही शेवटचीच फेरी होती. प्लँट हेडनी मला ग्राहकाकडून परत आलेल्या एका मालाबद्दल विचारलं. मी दहा मिनिटं बोलले. सिस्टीममध्ये कशी त्रुटी होती, टीमनं काय काय केलं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, ‘बाई, माल निघाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं, पण मी ते इतक्या वर्षांत कोणालाच दिलं नव्हतं, स्वतःलाही नाही. ती नोकरी मला मिळाली नाही, आणि त्यांचं बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

तुझ्या पत्रातही तेच वाक्य नाहीये. तारखा आहेत, नग आहेत, मिनिटं आहेत. गेज ओव्हरड्यू ‘होता’, असं तू लिहिलंस. पण सही करताना तुला ते ठाऊक होतं का? १९ हा आकडा इतका अचूक लक्षात आहे म्हणजे ठाऊक असावं, असा माझा अंदाज. शुक्रवारी तुझी गोष्ट या वाक्यापासून सुरू व्हायला हवी: ‘गेजची तारीख उलटलीय हे मला माहीत होतं, तरी मी सही केली.’ हे एकदा तोंडातून बाहेर पडलं की पुढचं सगळं सोपं होतं. हे दाबून ठेवलंस, तर समोरचा अनुभवी माणूस तीन प्रश्नांत तिथेच येऊन पोचेल आणि तोवर तू घामाघूम झालेली असशील.

आता पुढचा भाग, ज्यात खरी तयारी आहे. तुझ्या ८डीमध्ये कारण म्हणून गेजची झीज लिहिलीय. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. बोअर लहान का झाला? बोरिंगचा इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं टोक, झिजत गेलं म्हणून. मग ते कळलं का नाही? गो गेजही झिजून बारीक झालेला, म्हणून तो लहान बोअरमध्येही सुखानं जात राहिला. दोन झिजा एकाच दिशेनं चालल्या आणि एकीनं दुसरीला झाकलं. हे एवढं जरी तू कागदावर दोन वर्तुळं काढून समजावलंस, तरी समोरच्याला कळेल की हिनं प्रश्न मुळापासून बघितलाय. दोष का निर्माण झाला आणि तो का निसटला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ८डीच्या चौथ्या डीमध्ये, म्हणजे मूळ कारणाच्या पायरीत, दोन्हींची उत्तरं हवीत. बहुतेक जण पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्यापाशी ‘ऑपरेटर ट्रेनिंग’ लिहून मोकळे होतात.

या ट्रेनिंगबद्दल मला तुझ्याशी जरा स्पष्ट बोलायचंय. त्या ऑपरेटरनं काय चूक केली? क्वालिटीनं हातात दिलेला गेज त्यानं लावला, गेज गेला, त्यानं नग पुढे सरकवला. त्याला शिकवायचं काय होतं? ८डीमध्ये ती ओळ का लिहिली जाते हे मला माहीत आहे, मीही लिहिलीय. ग्राहकाला काहीतरी भरलेलं दिसावं लागतं. पण शुक्रवारी ती ओळ उच्चारू नकोस. शॉप फ्लोअरवरून वर आलेला प्लँट हेड ‘ट्रेनिंग दिलं’ हे शब्द ऐकतो आणि तिथून पुढचं ऐकणं सोडतो, हे मी टेबलावर शेजारी बसून अनेकदा पाहिलंय. एखाद्यानं विचारलंच, की ८डीत काय लिहिलं होतं, तर सरळ सांग: ‘ट्रेनिंगही लिहिलं होतं. आज लिहिणार नाही. दोष त्याचा नव्हता.’ त्या माणसाबद्दल कोणी इतकं तरी बोलायलाच हवं.

मग विचारतील, त्या संध्याकाळी दुसरं काय करता आलं असतं? याचं उत्तर मोघम नको. ‘एस्कलेट करायला हवं होतं’ हे उत्तर नव्हे. तुमच्याकडे बोअर डायल गेज, म्हणजे बोअरचं प्रत्यक्ष माप दाखवणारं साधन, असणार, ते सेट करायची रिंग असणार. शिफ्टच्या सुरुवातीचे, मधले आणि इन्सर्ट बदलायच्या आधीचे, असे दहा-बारा नग घेऊन प्रत्यक्ष माप काढलं असतं तर वीस मिनिटांत कळलं असतं. इन्सर्टच्या आयुष्याच्या शेवटाकडचे नग सर्वांत लहान निघाले असते. किंवा स्टँडर्ड रूममध्ये जाऊन मायक्रोमीटरनं तो प्लग गेजच मोजून बघता आला असता. म्हणजे गाडी थांबली असती ती वीस-पंचवीस मिनिटं, आणि ग्राहकाची लाइन थांबली ती पन्नास. हे आकडे असेच शेजारी शेजारी ठेवून सांग. तू हा हिशेब आधी केला आहेस की नाही, ते मला माहीत नाही. केला नसशील तर आज रात्री कर, कारण त्या संध्याकाळचं ओझं बरंचसं या हिशेबानं हलकं होतं. तिथे तुझ्याकडे करण्यासारखं काहीतरी होतं, हे कळलं की भीतीची जागा कामाला मिळते.

एक कलम पुन्हा वाचून जा. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकातलं ५.३.२. मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्याकडे डिस्पॅच आणि प्रॉडक्शन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, असं त्यात आहे. म्हणजे कागदावर तो अधिकार तुझ्याकडे होता. प्रॉडक्शन मॅनेजर टेबलापाशी उभे होते हे खरं, पण पेन तुझ्या हातात होतं. मी हे तुला टोचण्यासाठी लिहीत नाहीये. त्यांच्यावर ढकलण्याचा मोह होईल, आणि त्यांचा दबाव होता हे तू एका वाक्यात सांगावंसही. फक्त ते एकच वाक्य असावं.

आणि आता तू जे एका ओळीत उरकून वर ‘सांगण्यासारखी गोष्ट नाही’ असा शेरा मारलास, त्याकडे येऊ. दर सोमवारी यादी, तारीख उलटलेला गेज लाइनवरून उचलून लाल पेटीत. अगं, हीच तर सांगण्यासारखी गोष्ट आहे! ८डीमधला नवा गेज कोणीही विकत आणतं. दोन वर्षं, म्हणजे शंभर सोमवार, कोणी न सांगता एक यादी काढत राहणं हे विकत मिळत नाही. फक्त ती नीट मांडायला हवी. उरलेल्या दिवसांत एवढं शोधून ठेव: या दोन वर्षांत तू किती गेज उचललेस? त्यावरून कोणाशी वाद झाला का, लाइन थांबली का, तेव्हा तू काय केलंस? जोडीचे दोन्ही गेज एकाच वेळी बाहेर जाणार नाहीत अशी व्यवस्था झाली का? कॅलिब्रेशनची मुदत अजून कॅलेंडरवरच आहे, की किती नगांना गेज लागला त्यावर? शेवटचं केलं नसशील तर ‘हे अजून राहिलंय, इथे आले तर मी ते असं करेन’ असं सांग. अपुरं राहिलेलं काम सांगायला लाजू नकोस. कारखान्यात सगळं पूर्ण झालंय असं म्हणणाऱ्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

हे सगळं तीन मिनिटांत बसलं पाहिजे. नवऱ्याला समोर बसवून एकदा मराठीत सांग. तो या क्षेत्रातला नसेल तर अधिकच चांगलं, कारण जिथे त्याला समजणार नाही तिथे तुझं बोलणं गुंतलेलं आहे असं समज.

आता तुझा मूळ प्रश्न: सांगावं का? स्वतःहून सुरुवातीलाच काढू नकोस. पाणी पिऊन खुर्चीत टेकल्या टेकल्या कबुलीजबाब दिलेला कोणालाच झेपत नाही. मी वर लिहिले त्या जातीचा प्रश्न आला की सांग, आणि मग आडपडदा न ठेवता सांग. कोणीच विचारलं नाही तर मुद्दाम ओढून आणायची गरज नाही. यामुळे नोकरी हुकण्याची शक्यता शून्य आहे असं मी म्हणणार नाही. काही लोकांना चूक हा शब्दच चालत नाही. पण माझ्या अकरा वर्षांत आम्ही ज्यांना नाकारलं त्यांत ‘चूक केली’ म्हणून नाकारलेलं मला कोणी आठवत नाही. नाकारले ते ‘आमच्याकडे कंप्लेंट झालीच नाही’ म्हणणारे. सात वर्षं ऑटो कंपोनंटमध्ये आणि एकही कंप्लेंट नाही, म्हणजे एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर त्याला कोणी जबाबदारीचं काम दिलं नव्हतं. ‘परफेक्शनिस्ट’ हे उत्तर तर इतक्या जणांकडून ऐकलंय, की ते ऐकलं की मी पुढच्या प्रश्नाकडे वळत असे.

हे सांगताना एक पथ्य पाळ. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, पीपीएमचे (दर दहा लाखांत किती नग सदोष, त्याचे) आकडे, ड्रॉइंग, फोनमधले फोटो, यातलं काहीही त्या खोलीत बाहेर येता कामा नये. ‘एक ग्राहक’, ‘एक पंप बॉडी’ एवढं पुरेसं आहे. पट्टा लहान आहे असं तू म्हणतेस, ते खरंय. म्हणूनच, आजच्या कंपनीचं गुपित जी उद्याच्या कंपनीला सांगते ती परवा आमचंही सांगेल, हा विचार समोरच्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. आणि त्यांना ही घटना आधीच ठाऊक असेल, तर तुझ्या तोंडून ती जशीच्या तशी ऐकणं हा तुझ्यासाठी सर्वांत चांगला योग ठरेल.

बऱ्याचदा शेवटच्या फेरीत प्लँट दाखवायला नेतात. ती सहल नसते. जाड तळव्याचे बंद बूट घालून जा, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाल, आणि बघ. गेजवर कॅलिब्रेशनचे स्टिकर आहेत का, लाल बिनमधल्या (नाकारलेल्या) नगांना टॅग आहेत का, फर्स्ट पीसच्या (तपासलेल्या पहिल्या नगाच्या) फळ्यावर आजची तारीख आहे का. उणं दिसलं तर तिथे बोलून दाखवू नकोस; विचारलं तरच सांग, आणि जे चांगलं दिसलं ते आधी सांग. एकदा आमच्याकडे एक उमेदवार लाइनवर थांबला आणि ऑपरेटरला त्यानं विचारलं, ‘दादा, हा नग कशामुळे लाल बिनमध्ये गेला?’ उत्तर मिळेपर्यंत थांबला, वाकून नग बघितला, आभार मानले. आम्ही परत कॉन्फरन्स रूमपर्यंत पोचेतो प्लँट हेडनी मला हळूच सांगितलं होतं, की याला घ्यायचा.

तुला प्रश्न विचारायला सांगतील तेव्हा ‘ग्रोथ काय आहे’ हे ठरीव विचारू नकोस. तुझ्या अनुभवातून आलेला एक प्रश्न आहे, तोच विचार: ‘इथे डिस्पॅच थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे, आणि गेल्या वर्षभरात तो कोणी वापरला का?’ उत्तराकडे नीट लक्ष दे. कोणी वापरल्याचं आठवून, नावानिशी, तारखेनिशी सांगितलं तर ती जागा चांगली. सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर पुढच्या ३१ मार्चला तुझ्या टेबलापाशी पुन्हा कोणीतरी उभं असेल हे समजून जा. ही फेरी त्यांनी तुला पारखण्याची आहे तशीच तू त्यांना पारखण्याचीही आहे, आणि तुला त्यांच्याबद्दल कळायला हवी अशी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

इंग्रजीचं म्हणशील तर तू रोज ज्या शब्दांत काम करतेस त्यातले निम्मे शब्द इंग्रजीच आहेत. गेज, बोअर, बुश, लोड, क्रॅक. त्यांना जोडणारी वाक्यं छोटी ठेव. ‘आय साइन्ड द रिपोर्ट. आय न्यू द गेज वॉज ओव्हरड्यू.’ याहून भारी इंग्रजी या गोष्टीला लागतच नाही. मराठीतली तीन मिनिटं इंग्रजीत बोलून फोनवर रेकॉर्ड कर, ऐक, पुन्हा बोल. पाठ मात्र करू नकोस, एक शब्द विसरला की सगळा डोलारा कोसळतो. व्हिडिओवर आवाज थोडा उशिरा पोचतो, तेव्हा प्रत्येक मुद्द्यानंतर क्षणभर थांब. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांग; न कळलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. कागद-पेन्सिल जवळ ठेव. ती दोन वर्तुळं कॅमेऱ्यासमोर धरलीस तर जर्मनीतल्या माणसाला भाषांतर लागणार नाही.

पगाराचं बोलणं बहुधा एचआर हेड काढतील. सीटीसीच्या आकड्यावर भाळू नकोस, हातात काय येतं ते आधी मांड. समज १२ लाख म्हणाले. त्यात १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, असेल तर १ लाख २० हजार बाजूला काढ; उरतात महिन्याला ९० हजार. बेसिक ५० हजार धरला तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ ६,००० आणि ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्के तरतूद, म्हणजे २,४०५, हेही सीटीसीतच मोजलेलं असतं. राहिले ८१,५९५. त्यातून तुझा पीएफ ६,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की ७५,३९५. आयकर असला तर तो वेगळा. म्हणजे ‘महिना लाख’ ऐकून घराचा हप्ता ठरवशील, तर पंचवीस हजारांनी चुकशील. व्हेरिएबल कशावर मिळतं, गेल्या वर्षी लोकांना किती टक्के मिळालं, हे विचार. तुझ्या जागी मी ११ ते १२ सांगेन, आणि ‘व्हेरिएबल धरून की सोडून’ हे त्याच वाक्यात स्पष्ट करेन. सध्याचा पगार फुगवून सांगू नकोस; पगाराच्या स्लिपा ते मागतातच.

तुझी सात वर्षं झालीत, तेव्हा आत्ताच्या कंपनीकडून ग्रॅच्युइटीही येणं आहे. शेवटचं महिन्याचं वेतन (बेसिक अधिक महागाई भत्ता) गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७. ते वेतन २८ हजार असेल तर सुमारे १ लाख १३ हजार. ते विसरू नकोस. आणि लेखी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकायचा नाही. तोंडी ‘समजा झालंच’ कितीही गोड वाटलं तरी नाही. नोटीस पीरियड साठ दिवसांचा असो की नव्वदचा, आहे तसा सांग; ‘पंधरा दिवसांत येते’ असं बोलून मग दोन्हीकडे तोंड लपवायची वेळ येते.

मुलाबाळांचा प्रश्न. तो विचारू नये असं माझं ठाम मत आहे. तरी विचारतात, कधी आडून, कधी सरळ. तुला उत्तर देण्याचं काही बंधन नाही. ‘शिफ्ट आणि प्रवास यांबाबत मला अडचण नाही, घरचं नियोजन आम्ही दोघं मिळून करतो,’ एवढं शांतपणे सांग आणि गप्प बस. पण जे जमणार नाही ते कबूल करू नकोस. रात्रपाळी नको असेल तर नको म्हण. ‘दोन-तीन वर्षं तरी काही विचार नाही ना?’ असं वचन मागितलं तर देऊ नकोस, ते मागण्याचा हक्क कोणालाच नाही. कायद्यानं पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत ८० दिवस काम झालेलं असणं पुरेसं आहे. हे तुझ्या माहितीसाठी, त्या खोलीत वाद घालण्यासाठी नाही. माझ्या वेळी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी वचन देऊन बसले होते आणि पुढची तीन वर्षं ते माझ्या उरावर होतं.

शुक्रवारी घरून लवकर नीघ. चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटायच्या वेळी सापडलीस तर तास-दीड तास हलता येत नाही हे तुला मी सांगायला नको. अकराची वेळ असेल तर साडेनऊला त्यांच्या गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत बसलेली बरी. गेटवरच्या सिक्युरिटीशी नीट बोल, लॅपटॉप असेल तर त्याची नोंद होते, त्यात दहा मिनिटं जातात.

आणि साहेबांना आत्ता सांगू नकोस. त्यांनी एकदा सांभाळून घेतलंय म्हणून तुला ते अपराधी वाटतंय, पण ऑफर हातात नसताना सांगून त्यांनाही तू अडचणीत टाकशील. रजेच्या अर्जात ‘तब्येत बरी नाही’ लिहू नकोस. ‘वैयक्तिक काम’ लिही. ते खरंच आहे. ऑफर आली की मात्र पहिल्यांदा त्यांच्याकडेच जा, मेल पाठवण्याआधी, समोर उभं राहून. आणि जायच्या आधी ती सोमवारची यादी कोणाच्या तरी हातात देऊन, एक सोमवार त्याच्यासोबत लाइनवर फिरून ये.